जेटीची पाठवणी

जेटी गेल्याचं कळलं तो शुक्रवार होता, आणि पुण्याचे पाहुणे आठ शिडाच्या होड्या घेऊन शनिवारी यायचे होते.

पहिल्यांदा कळलं ते सोनाजीला. सोनाजी सकाळी मेंढरं पाण्यावर आणायचा आणि जेटीच्या टोकाला उकिडवा बसून तोंड धुवायचा. अकरा वर्षं तो हे अर्धवट झोपेत करत आला होता. त्या दिवशीही त्यानं तसाच पाय टाकला आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. तिथून तो निथळत बद्रीनाथच्या ओट्यावर आला.

“आप्पा, जेटी नाय.”

“नाय म्हंजे?”

“पाणी हाय. खुंट्या हायेत. मधी जेटी नाय.”

बद्रीनाथनं चहाची बशी खाली ठेवली आणि पुढं काहीच विचारलं नाही. घरातल्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं धसका घेतला. सून आशाबाई चुलीपाशी होती. तिनं एकदा सासऱ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली.

जलक्रीडा मंडळात पगारी माणूस एकही नव्हता. ज्यानं त्यानं आपलं काम उरकायचं आणि मग धरणाच्या काठावर येऊन मंडळाचं करायचं. बद्रीनाथचा मुलगा सांडू वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करून सचिवपद सांभाळायचा. सोनाजी बचाव प्रमुख होता. त्याला पोहता येत नव्हतं, पण आवाज मोठा होता. बद्रीनाथची बहीण मनकर्णाबाई नवरा गेल्यावर माहेरी राहायला आली, तेव्हापासून महिला प्रतिनिधी होती. ती होडीत कधी बसलेली नव्हती. अध्यक्ष स्वतः बद्रीनाथ.

त्याची बायको चतुराबाई, तिला पद नव्हतं. जेटी तिनं केली होती.

वाळूजहून टेम्पोत आलेले चौसष्ट निळे ड्रम होते. चतुराबाईनं त्यातल्या प्रत्येकाचं झाकण डांबर लावून स्वतः आवळलं, ड्रम आठ-आठच्या रांगेत बांधले आणि वर बाभळीच्या फळ्या ठोकून घेतल्या. प्रत्येक ड्रमाला तिनं कुंकवाचं एक बोट लावलं होतं. आपला कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, ते ओळखू यावं म्हणून. साऱ्या काठावर दुसऱ्या कुणाकडं ड्रम नव्हतेच, पण ते तिला कोण सांगणार. पुण्या-नाशिकचे होडीवाले येत, या जेटीला आपल्या होड्या लावत, रात्री तिच्यावरच झोपत. सकाळी आशाबाईच्या भाकरी खात आणि म्हणत, असली जेटी कुठं बघितली नाही. ते खरंच होतं.

गेल्या आषाढात चतुराबाई गेली. जेटी मागं राहिली होती. आता तीही नव्हती.

धरणाचं पाणी माघापासून उतरत जातं. काठ रोज हातभर मागं सरकतो आणि जेटी चिखलात बसायला लागते. म्हणून चार-पाच दिवसांनी तिचे तीन दोर सोडायचे, खुंट्या पुढं ठोकायच्या आणि पुन्हा बांधायचे. पहिला दोर सांडूचा, दुसरा सोनाजीचा, तिसरा बद्रीनाथचा. चतुराबाई ओट्यावर गहू निवडत बसायची आणि दिवे लागायच्या वेळेला तिथूनच हाक मारायची, “बांधलं का?” मग बद्रीनाथ म्हणायचा, “बांधलं.” एवढं झाल्याशिवाय कुणी काठावरून हलत नसे. मंडळाच्या नियमावलीत एकवीस नियम होते, आणि हा त्यांत नव्हता.

दहा वाजता ओट्यावर चौकशी समिती बसली. ज्यांची चौकशी व्हायची होती तेच समितीत होते.

सांडूनं सांगितलं की गुरुवारी संध्याकाळी त्यानं पहिला दोर सोडला हे खरं, पण तेवढ्यात पुण्याहून फोन आला, होड्यांना सावली आहे का असं विचारत होते, आणि बोलता बोलता तो रेंज शोधत टेकडीवर गेला. दोन दोर होतेच की. सोनाजी म्हणाला की दुसरा दोर त्यानंच सोडला, पण त्याची मेंढरं फकिराच्या कांद्यात शिरली आणि फकिरा काठी घेऊन निघाला. बचाव प्रमुखानं आधी कुणाला वाचवायचं? एक दोर होताच की. मनकर्णाबाईचं म्हणणं होतं की दोर सोडले तर सोडले, जेटी आपल्या पायानं जात नाही. पलीकडच्या तीरावरच्या मच्छीमारांनी ओढून नेली असणार. तिनं चार नावंही सांगितली. त्यातले दोघं सुरतला कामाला होते.

“आन् तिसरा दोर?” सांडूनं विचारलं.

सगळे बद्रीनाथकडं बघायला लागले. अध्यक्ष म्हणून.

“तपास करू,” बद्रीनाथ म्हणाला.

तपास करण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी, चतुराबाई गेल्यानंतर जेटी पहिल्यांदाच पुढं घेताना, तिसरा दोर त्याच्या हातात होता. सांडू टेकडीवर, सोनाजी कांद्यात, आणि तो दोर धरून काठावर उभा. दिवे लागले. तो थांबला. कशासाठी थांबलोय, हे त्यालाही लवकर ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा ओटा रिकामा होता. मग त्यानं दोर हळूच चिखलावर ठेवला, एखादी वस्तू फळीवर ठेवावी तसा, आणि घरी येऊन जेवला.

आशाबाईनं सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. सासऱ्याच्या कपात साखर जास्त पडली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काठ दिसतो, हे बद्रीनाथला चहा पिताना आठवलं.

साडेअकराला मनकर्णाबाईचा मोबाइल वाजला. फोन पलीकडच्या तीरावरून होता, सारजावहिनीचा.

बद्रीनाथचा थोरला भाऊ पुंजाराम, सारजाचा नवरा, पलीकडं राहायचा. धरणात गाव बुडालं तेव्हा एका भावाला या तीरावर जागा मिळाली, दुसऱ्याला त्या. तरी येणंजाणं होतं. बिघडलं ते मंडळाच्या उद्घाटनाला. थोरला म्हणून फीत पुंजारामनं कापायची ठरली होती, आणि त्याला आणायला होडी घेऊन सोनाजी गेला होता. येताना सोनाजीनं होडी बरोबर त्यांच्याच बुडालेल्या वावरातल्या आंब्याच्या खोडावर चढवली. नवा फेटा, कडक इस्त्रीचं धोतर, आणि पुंजाराम दोन तास पाण्याच्या मधोमध खोडावर अडकून बसला. तिथून त्याला लाउडस्पीकर नीट ऐकू येत होता. फीत कापल्याच्या टाळ्याही ऐकू आल्या. त्यानंतर अकरा वर्षं त्यानं ना पाणी ओलांडलं ना भावाशी शब्द बोलला.

सारजाबाईनं आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. मग म्हणाली की सकाळी दार उघडलं तर पुढं आणखी एक अंगण आलेलं. निळं. वर एक कुत्रं बसलंय आणि ते कुणाला जवळ येऊ देईना.

“कान तुटका हाय का?” सांडूनं विचारलं.

“व्हय.”

“आपलंच.”

मनकर्णाबाईनं मच्छीमारांची नावं त्या मिनिटापासून पुन्हा घेतली नाहीत. दादाच्या दारी गेली म्हणजे घरातल्या घरातच आहे, असं ती म्हणायला लागली. तेवढ्यात पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. पुंजारामनं फोन घेतला होता. मनकर्णाबाईनं स्पीकर लावून मोबाइल सुपात ठेवला. सुपाच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला बद्रीनाथ.

“मनकर्णे, त्याला सांग, जेटी माझ्या दारात हाय.”

“बद्री, दादा म्हनतो, जेटी त्याच्या दारात हाय.”

“त्यांना सांग, आयकू आलं.”

“दादा, त्याला आयकू आलं म्हनतो.”

असं बराच वेळ चाललं. पुंजारामचं म्हणणं, जेटी रात्रभर ज्या पाण्यावरून आली त्याच्या खाली सामाईक गट आहे, त्याची वाटणी झालेली नाही, तेव्हा निम्मी जेटी तशीही त्याचीच. बद्रीनाथचं म्हणणं, गट पाण्याखाली आहे आणि जेटी पाण्यावर. सांडू कंपनीच्या युनियनमध्ये होता, त्याला थोरल्या आप्पांचा मुद्दा कायद्यानं पटला आणि त्यानं तसं बोलूनही दाखवलं. बापानं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून खुंट्या मोजायला गेला. खुंट्या तीन होत्या.

मधेच पुंजारामनं आपला जुना हिशोब काढला, प्रत्येक भांडणात निघायचा तो. “त्याला सांग, रझाकारांच्या साली त्याला ह्याच पाठीवर बांधून भोपळ्याच्या सांगडीवरून मी गोदा वलांडली. नऊ वर्षांचा व्हतो. ह्ये सा महिन्यांचं. सोडला का मी मधी?”

हे मनकर्णाबाईनं पुन्हा सांगितलं नाही. तिनं मोबाइल सुपातच ठेवला आणि गव्हाला ऊन देते म्हणून निघून गेली. सुपापाशी आता एकटा बद्रीनाथ होता.  पलीकडं कुत्रं भुंकत होतं.

मग पुंजाराम हळू बोलला. कुणाला सांग, असं म्हणाला नाही.

“चतुराची चीज हाय म्हून इचारतो. दर सालाला कुन्या ना कुन्या होडीवाल्याकडं पापड धाडायची ती. भांडान तुमचं, म्हनायची, पापडाचं न्हाई. ती असती तर सुटली असती का जेटी? सोडली कुनी, ते सांगा मला. हरवली असंल तर दीन. टाकून दिली असंल तर नाय देनार.”

बद्रीनाथनं सुपाकडं बघितलं. तोंड उघडलं. पण ओट्यावर सोनाजी आला, कुत्र्याला भाकरी टाकली का विचारा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

दुपारी सारजाबाईनं चोरून पुन्हा फोन केला. तुमचे दादा म्हणतात, एकटादुकटा माणूस दोर घेऊन आला तर तसाच माघारी पाठवीन. थोरल्याचा मान घेऊन, माणसं घेऊन या. मंडळाकडं वल्ह्याच्या दोन होड्या होत्या, त्यांनी चौसष्ट ड्रम ओढणं शक्य नव्हतं. रस्त्यानं पैठणला वळसा घालून माणसं गेली असती, जेटी आली नसती.

शनिवारी पाहुणे दीड तास आधीच आले. आठ गाड्या, आठ होड्या, आणि त्यांचे म्होरके नानासाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण. त्यांनी काठावर उभं राहून दुर्बिणीतून जेटी शोधली. मग दुर्बीण पुसून पुन्हा शोधली.

सांडूनं टाळता येईल तेवढं टाळलं आणि शेवटी सांगून टाकलं की जेटी चुलत्याकडं गेली आहे.

“कधी येईल?” नानासाहेबांनी विचारलं.

“मान दिल्यावर.”

नानासाहेबांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, आंब्याचं खोड दोनदा ऐकलं, आणि शिट्टी वाजवून आपल्या लोकांना होड्या पाण्यात उतरवायला सांगितलं. वारा आडवा होता. जायलाही चालेल आणि यायलाही चालेल, असं त्यांचं मत पडलं.

वऱ्हाड निघालं. पहिल्या होडीत नानासाहेब आणि बद्रीनाथ. दुसरीत मनकर्णाबाई, नऊवारीवर केशरी लाइफ जॅकेट, मांडीवर ताट, ताटात टोपी, उपरणं, नारळ. होडीत पाय ठेवण्याआधी तिनं तिला हात जोडले होते. तिसरीत सांडू आणि आशाबाई. सोनाजीला काठावरच ठेवलं. पुंजारामच्या नजरेला तो इतक्या लवकर पडू नये, असं समितीनं एकमतानं ठरवलं, सोनाजीसुद्धा त्यात होता.

पाण्याच्या मध्यावर वारा पडला. शिडं लोंबायला लागली. नानासाहेबांनी विचारलं की नांगर टाकायचा तर इथला तळ कसा आहे.

“काळी जमीन,” बद्रीनाथ म्हणाला. “कापसाची. चांगलं धरंल. फकस्त डाव्या अंगाला टाकू नका, तिथं आमची इहीर हाय.”

नानासाहेब डावीकडं वाकून बघायला लागले. पाणीच होतं. बद्रीनाथनं बसल्या जागेवरून दाखवलं, हे खळं, तो बांध, पलीकडं आंबा, त्याच्यापासून लांब राहा. इथं त्यानं सात वर्षं औत धरलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात चतुरा भाकरी घेऊन याच बांधावरून यायची. ते मात्र त्यानं नानासाहेबांना सांगितलं नाही.

वारा आला तो सगळ्यांना घेऊनच आला.

पलीकडच्या काठावर जेटी होती. पुंजारामनं तिला बाभळीला आवळून बांधलं होतं, तेही पाच दोरांनी. मधोमध प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत फेटा बांधून पुंजाराम, पायाशी तुटक्या कानाचं कुत्रं. दीड दिवसात त्या दोघांचं जमलं होतं. आठ शिडं रांगेनं येताना बघून पुंजाराम ताठ बसला. एवढी माणसं येतील असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून तो फेटा सारखा करत राहिला.

मनकर्णाबाई ताट घेऊन उतरली आणि उतरताना गुडघाभर भिजली. तिनं टोपी दिली, उपरणं खांद्यावर टाकलं. पुंजारामनं सगळं घेतलं आणि भावाकडं बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“सोडली कुनी?”

सांडूनं सोनाजीकडं बोट दाखवायला हात उचलला. सोनाजी तिथं नव्हता. आशाबाईनं नवऱ्याचा हात खाली केला.

“मी,” बद्रीनाथ म्हणाला.

 नानासाहेबांच्या लोकांनी उगाच शिडं गुंडाळायला घेतली.

“दोर माझ्या हातात व्हता, दादा. ती इचारायची. त्या दिशी कुनी इचारलं नाय. लई येळ उभा राह्यलो, मग ठिवून दिला.”

“टाकून नाय दिला?”

“ठिवला.”

पुंजाराम खुर्चीत मागं टेकला. कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला.  मग तो बायकोकडं वळला आणि म्हणाला, “ओटी भर तिची. मोकळी नाय धाडायची.”

सारजाबाईची तयारी सकाळपासून होती. तिनं फळीला हळदकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ ठेवले, आणि एका डब्यात भरून पापडही ठेवले, जावेनं धाडलेल्या पापडांची राहिलेली परतफेड म्हणून. मनकर्णाबाई रडली. ती माहेरच्या बाजूनं रडत होती की सासरच्या, हे तिलाही सांगता आलं नसतं. पुण्याच्या एका बाईनं आशाबाईला हळूच विचारलं की दरवर्षी असं करता का.

“ह्याच वर्षी निघाली ती,” आशाबाई म्हणाली.

दोर होड्यांना बांधले. सगळं तयार झालं आणि पुंजाराम खुर्चीतून उठेना. सांडूनं विनवलं, नानासाहेबांनी शिट्टी वाजवली. पुंजारामचं म्हणणं एवढंच की पाठवणीला पाठराखीण लागते आणि सारजाचे गुडघे दुखतात. मग पुढं आठ होड्या आणि मागं जेटी, जेटीवर खुर्ची, खुर्चीत पाठराखा, असं ते निघालं. आंब्यापाशी आल्यावर त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि डोळे मिटले. बद्रीनाथनं पुढच्या होडीतून ते बघितलं आणि नानासाहेबांना आणखी थोडं उजवीकडून घ्यायला लावलं.

या काठाला लागले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. सांडूनं पहिला दोर ओढून घेतला, खुंटीला वेढे दिले. दुसरा दोर घ्यायला सोनाजी पाण्यात धावला. पुंजारामनं त्याला ओळखलं.

“ह्यो अजून हाय का मंडळात?”

“बचाव प्रमुख हाय,” सांडू म्हणाला.

पुंजारामनं खुर्चीवरचे हात सोडले नाहीत. जेटी पायाखाली डुलत होती. काठावर रिकामा ओटा होता, ओट्यावर आशाबाईनं निघतानाच लावून ठेवलेली बत्ती होती. बद्रीनाथ तिसरा दोर घेऊन खुंटीपाशी वाकला होता. काठ चार पावलांवर होता, पण पुंजारामला पाण्याचा भरवसा नव्हता. पाय उचलायच्या आधी त्यानं ओरडून विचारलं,

“बांधलं का?”

मनकर्णाबाईनं ओट्याकडं बघितलं. आशाबाईनं तोंड फिरवलं. पुंजारामला काहीच कळेना. त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं.

“बांधतो,” बद्रीनाथ म्हणाला. “थांबा, दादा. बांधतोच.”

दोर ओला होता आणि खुंटी त्याला नीट दिसत नव्हती. पहिला दोर सांडूनं बांधला होता. दुसरा सोनाजीनं बांधला होता. तिसरा अजून बांधायचा राहिला होता.